लिंबची विहीर ठोकळ्यांत: शाळा-वाचनालयांसाठी आभासी जगांची पारख

साताऱ्याजवळच्या लिंब गावची अष्टकोनी बारा मोटेची विहीर साधारण ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल असल्याचे सांगतात. ठोकळे रचून आभासी जग बांधायच्या लुआंटी या मोफत प्रणालीत एक ठोकळा एक मीटरचा असतो, म्हणजे पडद्यावर ही विहीर १५ ठोकळे रुंद आणि ३३ ठोकळे खोल होते. फुटांचे मीटर, मीटरचे ठोकळे, मग अष्टकोन कसा आखायचा यावर भांडण, असे सगळे गणित त्यात आपोआप येते. शिवाय हे काम इंटरनेटशिवाय, शाळेच्या जुन्या संगणकांवर होते. आभासी जगांच्या जाहिरातींत मात्र डोळ्यांवर चष्मे चढवलेली मुले दाखवतात. सातारा-सांगलीच्या किती शाळांत तसे चष्मे आहेत हे सांगायला नको.

ही पारख पंधरा-वीस संगणकांची लॅब असलेल्या शाळांसाठी आणि तालुक्याच्या वाचनालयांसाठी आहे. गृहीत धरलेले यंत्र साधेच: ४ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक कार्ड नाही, एका स्विचला लावलेल्या लॅन केबली आणि येत-जात राहणारे इंटरनेट. अशा ठिकाणी ग्राफिक्स किती देखणे हे शेवटी पाहावे. आधी दोनच गोष्टी तपासाव्यात. नेट गेले तरी ते चालते का? आणि मुलांनी बांधलेले उचलून आपल्या पेन ड्राइव्हवर ठेवता येते का?

दुसऱ्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे. सेकंड लाइफ हे एका कंपनीचे ऑनलाइन आभासी जग २००३ मध्ये आले. २००६ पासून अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी तिथे बेटे घेऊन वाचनालये थाटली. २०१० च्या ऑक्टोबरात कंपनीने शिक्षणसंस्थांची निम्मी सवलत काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि कित्येकांनी गाशा गुंडाळला. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण तोवर गेलेली मंडळी परतली नाहीत. बांधलेल्या इमारती सोबत नेता येत नव्हत्या, हे खरे दुखणे. गूगलचे लाइव्हली हे असेच जग २००८ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी बंद पडले. मायक्रोसॉफ्टचे आल्टस्पेस १० मार्च २०२३ ला मिटले. मोझिलाने हब्ज ३१ मे २०२४ ला थांबवले. भाड्याच्या घरात भिंतीवर खिळा ठोकतानाही विचार करतात, इथे तर मुलांचे वर्षभराचे काम असते.

या दोन्ही कसोट्यांवर लुआंटी सर्वांत पुढे आहे. २०१० पासून ते मिनेटेस्ट या नावाने चालत होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदलले. ते मुक्त स्रोत आहे, परवान्याचा खर्च शून्य. विंडोजसाठी मिळणारी झिप फाइल उघडली की काम झाले, इन्स्टॉल करावे लागत नाही. जग, खेळ आणि मॉड (खेळाला जोडायच्या छोट्या प्रणाली) हे सगळे त्याच फोल्डरमध्ये राहते. त्यामुळे एकाच संगणकावर सगळी जुळणी करून तो फोल्डर बाकीच्या १९ संगणकांवर पेन ड्राइव्हने चिकटवणे हीच सर्वांत सोपी रीत. आवृत्तीही सगळीकडे आपोआप एक राहते. लिनक्सच्या भांडारातून घेतलेली आवृत्ती बरेचदा जुनी असते आणि मग मुख्य संगणकाशी (ज्यावर सगळ्यांचे जग चालते तो) तिचे पटत नाही.

पहिली ठेच इथेच लागते. ५.८ आवृत्तीपासून लुआंटीसोबत कोणताही खेळ येत नाही, नुसते इंजिन मिळते. नवखा माणूस ते उघडतो, पडदा रिकामा पाहतो आणि बिघडले समजून काढून टाकतो. आतल्या कंटेंट विभागातून ‘मिनेटेस्ट गेम’ उतरवून घ्यावा लागतो. हे काम नेट असलेल्या जागी आधीच करून ठेवावे. त्याच वेळी दोन मॉडही घ्यावेत: ‘वर्ल्डएडिट’ आणि ‘एरियाज’. पहिला मोठे बांधकाम एका कमांडीत करतो. दुसरा एकाची जागा दुसऱ्याला मोडू देत नाही. दुसऱ्याशिवाय वीस मुले एका जगात सोडणे म्हणजे भांडण विकत घेणे.

जग तयार करताना मॅपजेनच्या (जमीन कशी हवी ते ठरवणाऱ्या पर्यायाच्या) जागी ‘फ्लॅट’ निवडावे. डोंगर-जंगलात मुले भटकतात आणि तास संपतो. मग ‘होस्ट सर्व्हर’वर टिक करावी, क्रिएटिव्ह (हवे ते साहित्य हवे तितके) चालू ठेवावे, डॅमेज (इजा होणे) बंद करावे. ‘अनाउन्स सर्व्हर’ला हात लावू नये, नाहीतर तुमचे जग सार्वजनिक यादीत झळकते. बाकी संगणकांनी ‘जॉइन गेम’मध्ये मुख्य संगणकाचा आयपी पत्ता आणि पोर्ट ३०००० टाकायचा. पत्ता स्थिर ठेवावा. राउटर रोज नवा पत्ता वाटत असेल तर दर तासाला फळ्यावर नवा आकडा लिहीत बसावे लागते.

जोडणी होत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल असतो. लुआंटी यूडीपी ही नेटवर्कवरून माहिती पाठवण्याची पद्धत वापरते. ३०००० हे यूडीपी पोर्ट उघडावे आणि लॅबचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर ‘प्रायव्हेट’ करावे. दुसरे कारण अधिक फसवे आहे. पंधरा मुले आत येतात आणि सोळाव्याला दार बंद. बिघाड झालेला नसतो, मुळातली मर्यादाच १५ जणांची आहे. मिनेटेस्ट डॉट कॉन्फ या फाइलमध्ये (नाव बदलले तरी ही फाइल जुन्याच नावाने आहे) ‘मॅक्स युझर्स’ २५ करावे. त्याच फाइलमध्ये आणखी दोन ओळी घालाव्यात. ‘स्टॅटिक स्पॉनपॉइंट’ने सगळी मुले एकाच जागी, म्हणजे तुमच्या वाचनालयाच्या दारात उतरतात. ‘एनेबल फायर’ बंद करावे, कारण क्रिएटिव्हमध्ये लाव्हाची बादली सगळ्यांच्या हाताशी असते आणि आग चालू असली तर लाकडी कपाटे पेटतात. कुणीतरी ते करून पाहणारच, वर्ग कुठलाही असो.

संगणक अडखळत असेल तर ‘व्ह्यूइंग रेंज’ १९० वरून ७० वर आणावी, सावल्या बंद कराव्यात. वाय-फायपेक्षा केबल बरी. घरगुती राउटरवर वीस यंत्रे चढली की तो गुदमरतो. काही राउटरांत तर एका यंत्राला दुसरे दिसूच न देण्याची सोय चालू असते, मग आयपी बरोबर असूनही काही जुळत नाही.

आता विहिरीकडे. वर्ल्डएडिटने आधी पोकळी करावी लागते आणि नंतर भिंत, हा क्रम चुकला की दगडाची नळी मातीने भरलेलीच राहते. मध्यबिंदूवर पहिली खूण करून ‘सिलिंडर’ कमांडीने हवेचा दंडगोल घ्यावा: दिशा वाय, लांबी उणे ३३, त्रिज्या ७. मग ‘होलोसिलिंडर’ने तेवढ्याच लांबीची, त्रिज्या ८ ची दगडी भिंत. उणे चिन्ह विसरले तर विहिरीऐवजी मिनार उभा राहतो. अष्टकोन हवा असेल तर गोलावर समाधान न मानता कोपरे हाताने काढावे लागतात आणि खरी मजा तिथेच आहे. दोन मुलांना एक संगणक द्यावा. एकाने माउस धरावा, दुसऱ्याने चौकटीच्या वहीत आराखडा. एकटे मूल आराखडा करत नाही, थेट बांधायला लागते आणि पंचविसाव्या ठोकळ्याला चूक सापडते.

वर्ल्डएडिटमध्ये केलेले परत घेण्याची सोय नाही. मोठी कमांड देण्याआधी तेवढा भाग ‘सेव्ह’ करून ठेवावा. क्षेत्र मोठे असेल तर ती खात्री विचारते. तेव्हा घाईने होकार देऊ नये, निवडलेले दोन कोपरे पुन्हा पाहावेत.

सांगलीच्या शाळांना विहिरीऐवजी कृष्णा जवळची. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इथे एक ठोकळा एक मीटर हे प्रमाण धरू नये. ४५ फुटांचे १४ ठोकळे होतात, ५७ चे १७, आणि मधला बारा फुटांचा फरक तीन ठोकळ्यांवर येऊन निम्मा अर्थ गळतो. उभ्या मापाला एक ठोकळा एक फूट ठेवावा, ४० आणि ४५ वर वेगळ्या रंगाची लोकर लावावी. पाणी बादलीने ओतले तर ते आठ ठोकळे उताराने पसरून थांबते, पूर दिसत नाही. ‘सेट’ कमांडीने पाण्याचा पूर्ण थर भरावा. ६० बाय ६० च्या भागात बारा ठोकळे पाणी चढवायचे तर ४३,२०० ठोकळे होतात. जुन्या यंत्रावर हे एका दमात न करता दोन-दोन थरांनी करावे. मुलांनाही पाणी चढताना दिसते. ज्या घरात खरेच पाणी शिरले होते त्या घरातले मूल वर्गात असू शकते, हे मात्र धरून चालावे.

ग्रंथपालांसाठी लुआंटीत एक गोष्ट तयारच आहे. पुस्तकांच्या कपाटात १६ पुस्तके मावतात आणि पुस्तक उघडून त्यात लिहिता येते. पण मराठी लिहायला घेतले की पंचाईत. फाँटमध्ये देवनागरी नसेल तर चौकोन दिसतात. सेटिंगमध्ये देवनागरी फाँटचा मार्ग दिला तरी अक्षरे जोडणारी यंत्रणा आत नसल्याने जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. ‘किल्ला’ वाचताच येत नाही. ओपनसिम या दुसऱ्या प्रणालीच्या (तिच्याविषयी पुढे) व्ह्यूअरमध्येही, म्हणजे तिचे जग पाहण्याच्या प्रोग्रॅममध्येही, जवळपास हीच गत आहे. यावर दोन उपाय चालतात. पाटी लिबरऑफिसमध्ये करून तिचे पीएनजी चित्र भिंतीवर लावावे. हे ओपनसिममध्ये सोपे, लुआंटीत मात्र मॉड लिहिण्याची तयारी लागते. किंवा पडद्यावरच्या पुस्तकावर फक्त दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकावा आणि नाव, लेखक, परिचय कागदी नोंदवहीत ठेवावा. दुसरा उपाय ओबडधोबड वाटतो, पण मुले त्या निमित्ताने दाखल नोंदवही उघडतात. एरवी ती कोण उघडते?

मांडणीसाठी दशांश वर्गीकरणाचे दहा मजले करण्याचा मोह होतो. करू नये, जिने चढता-चढता कंटाळा येतो. भिलारचा नमुना जास्त चांगला. पाचगणीजवळचे ते पुस्तकांचे गाव २०१७ पासून आहे आणि तिथे घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके ठेवलेली आहेत. एक गल्ली, दुतर्फा घरे, एका घरात चरित्रे, दुसऱ्यात बालसाहित्य. प्रत्येक गटाला एक घर ‘एरियाज’ने राखून द्यावे.

ओपनसिम्युलेटर, बोलीत ओपनसिम, ही वेगळी जात. २००७ मध्ये सुरू झालेले हे मुक्त स्रोत काम सेकंड लाइफसारखे जग तुमच्याच संगणकावर उभे करते. माणसासारखे अवतार, बसायला खुर्च्या, हाताळल्यावर काही करणाऱ्या वस्तू. पुस्तकावर टिचकी मारली की वेबपान उघडेल अशी दोन-चार ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. वाईहून काम चालणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी अशा कपाटात लावणे शक्य आहे, अर्थात तेव्हा नेट लागेल. बी.एड.च्या पाठांचा सराव, संदर्भसेवेचा सराव, मुलाखतीची तालीम यांना ठोकळ्यांपेक्षा हे बरे. पण जुळणी करणारा माणूस हवा आणि संगणक चांगले हवेत.

मुख्य संगणकाला ८ जीबी रॅम आणि ०.९.३ आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टची डॉटनेट ही पूरक प्रणाली लागते. एक प्रदेश २५६ मीटर बाय २५६ मीटर. वाचनालयाला तेवढा भरपूर झाला, मोठी जागा घेतली की ती ओसाड दिसते. ‘स्टँडअलोन’ (सगळे एकाच संगणकावर) पद्धत निवडावी. सेटिंगच्या नमुना फाइलच्या नावातला शेवटचा ‘एक्झाम्पल’ काढल्याशिवाय ती वाचली जात नाही, यात पहिला अर्धा तास जातो. नंतर सगळ्यात नेहमीची चूक: सेटिंगमध्ये ‘बेस होस्टनेम’ १२७.०.०.१ (म्हणजे ‘हाच संगणक’) तसेच राहते. मुख्य संगणकावर सगळे झकास चालते, शेजारच्या संगणकावरून आत येता येत नाही. तिथे लॅबमधला खरा आयपी घालावा. फायरवॉलमध्ये ९००० हे पोर्ट टीसीपी (माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत) आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडावे. फक्त टीसीपी उघडले तर लॉगिन झाल्यासारखे वाटते आणि प्रदेश मात्र दिसत नाही.

व्ह्यूअर म्हणून फायरस्टॉर्म घ्यावा. त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात, त्यातली ओपनसिमसाठीची घ्यावी. नुसती सेकंड लाइफची घेतली तर स्वतःचा ग्रिड (आपल्या संगणकावरचे जग) जोडताच येत नाही. एखाद्याचा अवतार ढगासारखा राहिला तर इन्व्हेंटरीतल्या लायब्ररीमधून आकार, कातडी, केस आणि डोळे हे चारही अंगावर चढवावेत. एक जरी कमी असला तरी ढग हटत नाही. ४ जीबीच्या संगणकावर ग्राफिक्स ‘लो’ आणि दृश्य अंतर ६४ मीटर ठेवूनही तो रडतखडतच चालतो. अशा लॅबमध्ये ओपनसिमच्या नादी लागू नये. पाच-सहा बरे संगणक असलेल्या महाविद्यालयाने मात्र जरूर पाहावे. प्रदेश ओएआर नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधून ठेवता येतो आणि दुसऱ्या कुठल्याही ओपनसिमवर उघडता येतो. सेकंड लाइफ सोडणाऱ्यांना हीच सोय मिळाली नव्हती.

ब्राउझरमध्ये चालणारे हब्ज मोझिलाने सोडल्यावर हब्ज फाउंडेशनने हाती घेतले. दुवा पाठवला की मोबाइलवरूनही लोक आत येतात, आणि पाच गावच्या वाचकांची तासाभराची बैठक घ्यायची तर याला तोड नाही. एका खोलीत पंचविसाच्या आतच माणसे ठेवावीत. स्वतःच्या सर्व्हरवर उभे करणे मात्र वाचनालयाच्या आवाक्यातले नाही: डोमेन, प्रमाणपत्र, मेल सर्व्हर, कुबरनेटीज (सर्व्हरवरच्या अनेक प्रणाली एकत्र सांभाळणारी व्यवस्था). आणि एकाच लॅबमध्ये वीस जणांनी माइक उघडले तर शिट्ट्यांनी कान फुटतात. हेडफोन सक्तीचे करावेत किंवा एकच माइक चालू ठेवावा. हिशेबासाठी, वीस जण बोलत असतील तर प्रत्येकाकडे एकोणीस आवाज उतरतात. एका आवाजाला ३२ केबीपीएस धरले तरी लॅबला मिळून साधारण १२ एमबीपीएस लागतात.

वर्कॲडव्हेंचर हे वरून दिसणारे सपाट जग. अवतार जवळ आले की व्हिडिओ सुरू होतो, एका घोळक्यात चारजण. नकाशा टाइल्ड नावाच्या मोफत प्रणालीत ३२ पिक्सेलच्या फरशांनी काढायचा असतो. ग्रंथपालांच्या मेळाव्याला छान, शिकवण्याला फारसे नाही.

माइनक्राफ्ट एज्युकेशनचे धडे तयार असतात आणि ते उत्तम आहेत. पण प्रत्येक मुलाला शाळेचे मायक्रोसॉफ्ट खाते आणि दर वर्षी परवाना लागतो. संस्थेने खाती आधीच दिली असतील तर वापरावे, नसतील तर केवळ यासाठी तो खटाटोप करू नये.

खात्यांवरून आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बाहेरच्या सेवेत मुलांचे ईमेल भरताना हे आठवावे. लुआंटीत ईमेल लागतच नाही. ‘७ब-१४’ अशा धर्तीचे नाव रोमन लिपीत पुरते आणि ते लॅबबाहेर जात नाही. पासवर्ड रिकामा ठेवू देऊ नये, एकाच्या नावाने दुसरा शिरून भिंत पाडतो आणि सापडत नाही. गप्पांचा धुमाकूळ झाला तर त्या नावाची ‘शाउट’ परवानगी काढून घ्यावी. ठोकळे ठेवता येतात, बोलता येत नाही. शिक्षा म्हणून मुलाला बाहेर काढण्यापेक्षा हे जास्त लागू पडते.

वीज गेली तर? मुख्य संगणकाला यूपीएस हवाच, बाकीच्यांना नसला तरी चालते. लुआंटी आणि ओपनसिम या दोन्ही प्रणाली जग डेटाबेसमध्ये लिहितात आणि लिहिता-लिहिता वीज गेली तर फाइल बिघडू शकते. लुआंटीत चॅटमध्ये ‘शटडाउन’ची कमांड देऊन, ओपनसिममध्ये कन्सोलवर ‘क्विट’ लिहून बंद करावे. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारू नये. चालू असताना जगाचा फोल्डर कॉपी करू नये, अर्धवट प्रत मिळते आणि ती गरज पडेपर्यंत कळत नाही. बंद केल्यावर कॉपी करावी, फोल्डरच्या नावात तारीख घालावी आणि प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावी. दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून वापरावेत, एक लॅबमध्ये आणि एक दाखल नोंदवहीच्या कपाटात. सांगलीत असाल तर कपाट वरच्या मजल्यावरचे.